मेणबत्ती आणि तुळई

जळगाव, १२ जानेवारी १९३४

लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत हे आणि मी एकाच घोंगडीत पाय घालून चहा प्यायचो. वारा तेव्हाही शिरायचाच, पण घर विकायला कोणी निघालं नव्हतं.

आज वसंता धुळ्याहून आला तो गिऱ्हाईक ठरवूनच. "आई, हे घर नव्हे, चाळणी आहे. इथे तुझा खोकला जायचा नाही. धुळ्याला चल."

चाळणी! मग भोकं शोधूनच दाखवते, म्हटलं. लहानपणी कॉन्व्हेंटच्या शाळेत मदर वाऱ्याची फट शोधायला धरायच्या तशी पेटती मेणबत्ती भिंतीभिंतीशी धरली; ज्योत झुकेल तिथे भोक. दरवर्षी मी खिडक्यांना कागद चिकटवते. तिथे ज्योत सरळच. शेजारच्या पिंजाऱ्याची रहीमनबी हसली, "अक्का, वर तर बघा!" धाब्याच्या मातीच्या छताची तुळई भिंतीत शिरते तिथे ज्योत आडवी झाली. इतकी वर्षं मी भलतीकडेच कागद लावत होते? रहीमनबीचा कापूस धाब्यावर घालतात त्या खाऱ्या मातीत कालवून तिथे ठासला. पुन्हा ज्योत धरली. सरळ!

खोकला आहेच. इथेच खोकेन.

उद्या द्यायचं: मेहरूणची बोरं नातवाला, लोकरीची शाल सुनेला, परसातला केळीचा घड रहीमनबीला. आणि गिऱ्हाइकाला नकार. तो वसंतानेच नेऊन द्यावा.