सरड्यासाठी जाळीचं कपाट

नाना,

या आठवड्यात मी जाळीचं कपाट केलं. नागपूरला आपल्या रेल्वे क्वार्टरच्या स्वयंपाकघरात दूध-दही-तुपासाठी होतं ना, तसंच. लाकडाची चौकट, चारी बाजूंना जाळी, पुढे दार, दाराला कडी. फरक एवढाच की यात दूध नाही, सरडा आहे. हे ऐकून तुम्ही चष्मा कपाळावर सरकवला असता आणि म्हणाला असता, "याच्यासाठी तुला कॉन्व्हेंटात घातली होती?" म्हणून आधीच सांगते, टोमणे मारायचे नाहीत. माझी कंबर धरली आहे, उजव्या हाताला फोड आलाय, आणि या वयात कुणापुढे सफाई देत बसायची माझी हौस फिटली आहे. तीस वर्षं इथे विलायतेत, पिनरला, कौन्सिलच्या म्हणजे नगरपालिकेच्या काउंटरमागे बसून लोकांची गाऱ्हाणी ऐकली. आता माझं कुणीतरी ऐका. तुम्ही मध्येच बोलू शकत नाही, हा तुमचा आजघडीचा सगळ्यात मोठा गुण आहे.

तुमच्या जावयांची वसंतात बायपास झाली. ऑपरेशन उत्तम झालं असं सर्जन म्हणाला, आणि झालंही असेल. छातीवरची जखम भरली. पण घरी आले ते हे नव्हेतच. सकाळच्या वर्तमानपत्राशी मोठ्याने भांडणारा माणूस, रेडिओवरच्या मंत्र्याला "गाढवा" म्हणणारा माणूस, मागच्या काचेच्या खोलीत खुर्ची टाकून नुसता बागेकडे बघत बसायला लागला. बोलणं बंद. जेवण म्हणजे चार घास. मी मऊ भात करायची, मुगाचं वरण करायची, बिनमिठाचं, बिनतुपाचं, आणि खुर्चीशेजारी उभी राहायची. "अहो, एवढं तरी संपवा." "हा एक घास, डॉक्टरांनी सांगितलंय." ते माझ्याकडे न बघता चमचा खाली ठेवायचे. जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, गेले तर ती पोरगी हसून म्हणाली, असं बऱ्याच जणांना होतं, गिव्ह इट टाइम. तिचं वय सत्तावीस असेल. तिच्याकडे टाइम आहे, देईल ती. मी कुठून आणू?

मग एका शनिवारी आमची लेक लीड्सहून गाडी चालवत आली, ती एक खोकं घेऊन. तिथल्या हॉस्पिटलात ती फिजिओथेरपिस्ट आहे. दारातच म्हणाली, "आई, प्लीज ओरडू नको."

"म्हणजे ओरडण्यासारखं काहीतरी आणलंयस."

"माझी एक कलीग ऑस्ट्रेलियाला परत गेली. ती याला नेऊ शकत नाही. इट्स अ कमीलियन."

खोक्यात बघितलं तर सरडा. हिरवा, डोक्यावर तुरा, शेपटीची गुंडाळी, आणि चेहरा असा की जणू मीच त्याच्या घरात न विचारता शिरले आहे. मी म्हटलं, "आपलं घर काय पांजरपोळ आहे? आणि हा खातो काय?"

"क्रिकेट्स. रातकिडे. जिवंत."

"ज्या घरात कधी अंडं शिजलं नाही त्या घरात?"

"शिजवायचे नाहीत गं, तसेच द्यायचे. बाबांना बघायला होईल काहीतरी. ते दिवसभर नुसता लॉन बघतात."

मी तोंड उघडणार तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला. "त्याचे दोन डोळे दोन दिशांना फिरतात." नाना, कित्येक आठवड्यांत हे पहिलं पूर्ण वाक्य होतं. सरडा राहिला.

पाळीव प्राण्यांच्या दुकानात एका टाय लावलेल्या माणसाने आम्हाला काचेची पेटी विकली, वर दिवा, आत प्लॅस्टिकची वेल. टॉप ऑफ द रेंज म्हणाला. हे रोज सकाळी त्या पेटीसमोर खुर्ची ओढून बसायला लागले. बोलायचे फक्त त्याच्याविषयी. आज तो या फांदीवर आहे, आज त्याने कात टाकायला घेतली. मी म्हटलं, ठीक आहे, माझ्याशी बोलत नाही तर नाही, सरड्याविषयी तरी बोलतो माणूस. आणि मग तो सरडा काळवंडायला लागला. हिरवा रंग जाऊन शेवाळलेल्या विटेसारखा झाला. डोळे खोल गेले. रातकिडे पेटीत उड्या मारायचे, हा बघायचाही नाही. मी माझ्या लग्नातली चांदीची वाटी घेतली, पाणी भरलं आणि त्याच्या तोंडासमोर ठेवली. दोन दिवस ठेवली. त्याने ढुंकून पाहिलं नाही. लेकीला फोन केला तर तिने कपाळावर मारलेला हात मला इथे ऐकू आला. "आई, त्याला बाउलमधला पाणी दिसतच नाही! तो पानावरचे थेंब पितो. आणि चांदीची वाटी? सीरियसली?"

प्राण्यांच्या डॉक्टरकडे नेला. डॉक्टर म्हणाला, काचेत याला आपलंच प्रतिबिंब दिसतं आणि वाटतं दुसरा नर अंगावर आला आहे. दिवसभर तो त्याच्या धाकात असतो. वर पेटीतली हवा कोंडलेली. याला उंच, जाळीचं, वारा खेळणारं घर हवं, लवकर. दुकानात फोन केला तर टायवाला म्हणाला, जाळीचं मागवावं लागेल, तीन-चार आठवडे लागतील. मी फोन ठेवला तेव्हा हे पेटीसमोरच बसले होते. माझ्याकडे न वळता म्हणाले, "तोही निघाला."

तोही. हा 'ही' कुणासाठी ते मला कळलं, नाना. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि उगाच भांडी घासली. मग गराजची किल्ली घेतली.

तुम्ही मला करवत कधी हातात दिली नाहीत. आज सगळंच बोलायचं तर हेही बोलते. रविवारी तुम्ही अंगणात फळ्या मांडायचे, रंधा मारायचे, आणि माझं काम एकच, फळीचं दुसरं टोक धरून ठेवायचं. मी बारा वर्षांची असेन. तुम्ही पाणी प्यायला आत गेला होता आणि मी करवत उचलली. चार बोटं चीर पाडली होती, सरळ पाडली होती. तुम्ही बाहेर आला, करवत काढून घेतली आणि म्हणाला, "फी भरतो ती या हातांनी पेन धरावं म्हणून." दादाला मात्र हातोडी मिळाली. त्याला आजही खिळा आणि स्क्रू यातला फरक सांगावा लागतो. शाळेत सिस्टर पाठीला पट्टी लावून ताठ बसवायच्या, घरी तुम्ही फळीचं टोक धरायला लावून ताठ उभं करायचे. मी तशीच उभी राहिले आणि बघत राहिले. तुम्ही सांधा कसा बसवता, गुण्या लावून कोपरा काटकोनात आहे की नाही कसं तपासता, जाळी ठोकण्याआधी एका बाजूने ताणून कशी घेता. तुम्ही शिकवलं नाही. मी बघून घेतलं. त्याचं श्रेय तुम्हाला द्यावं की नाही हे मी अजून ठरवलेलं नाही.

लाकडाच्या दुकानातला माणूस तुमचाच अवतार. मी मापं सांगितली तर म्हणाला, "घरी जाऊन मिस्टरांना एकदा विचारून घ्या ना, लव्ह." इथले दुकानदार कुठल्याही बाईला लव्हच म्हणतात. मी म्हटलं, माझे मिस्टर आजारी आहेत, आणि बरे असतानासुद्धा त्यांना बल्ब बदलता येत नव्हता. पट्ट्या काप. त्याने कापल्या. जाळी मी प्लॅस्टिकचा थर दिलेली घेतली, उघड्या तारेत याची नखं अडकतात म्हणून लेकीने बजावलं होतं. तीन दिवस गराजमध्ये होते. पहिली चौकट गुण्यात बसली नाही, पूर्ण सोडवली आणि पुन्हा जोडली. गुडघे वाजत होते, थंडीने बोटं वळत नव्हती, आणि इतकी वर्षं झाली तरी दुसरं टोक धरायला कुणी नाही याचाच राग येत होता. शेवटी ते टोक मी कपडे वाळवायच्या मशीनवर टेकवलं. मशीन तुमच्यापेक्षा कमी बोलतं.

तयार झालं तेव्हा मी ते लेकीच्या जुन्या स्केटबोर्डवरून ढकलत आत आणलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या मनीप्लांटच्या फांद्या कुंडीसकट आत लावल्या, आडव्या काठ्या बांधल्या, दिवा लावला. मग मी चार जुन्या वाट्या घेतल्या, पाणी भरलं, आणि प्रत्येक पायाखाली एकेक वाटी सरकवली. अगदी विचार न करता. जाळीच्या कपाटाचे पाय पाण्यात असतात, दुसरीकडे कुठे असणार?

खुर्चीतून विचारणा झाली, "हे काय?"

"मुंग्यांसाठी."

मग म्हणाले, "अगं, नोव्हेंबर आहे. पिनरमध्ये मुंग्या?"

आणि हसले. आधी नाकातून, मग छातीवर हात दाबून, कारण हसलं की भरलेली जखम अजून ओढते. "सरड्याच्या कपाटाला मुंग्या! आणि लागल्याच तर तो खाईल की त्यांना!" मी रागाने वाट्या उचलायला वाकले तर म्हणाले, "राहू दे, राहू दे. सासऱ्यांचं डिझाइन आहे, मोडू नकोस." बघा नाना, जिवंत असताना तुम्हाला या माणसाकडून एवढा मान कधी मिळाला नव्हता.

हे झालं काल. पण हसण्याने पोट भरत नाही, ना सरड्याचं ना माणसाचं. संध्याकाळी पानांवर पाणी फवारलं, चार रातकिडे सोडले, आणि आम्ही दोघं समोर बसलो. तो फांदीला चिकटून बसला, काळाच. ह्यांच्या रात्रीच्या ताटातला भातही तसाच राहिला. सकाळी लेकीला फोन केला.

"तुम्ही दोघं त्याच्या समोर बसलायत का?"

"मग? खातो की नाही ते कुणीतरी बघायला नको?"

"आई, नो! कोणी बघत असला की तो खात नाही. त्याला वाटतं तू त्याला खाणार आहेस. कपाट वर ठेव, तुमच्या डोक्याच्या वर. आणि रूममधून निघून जा. जस्ट लीव्ह हिम अलोन. प्रॉमिस?"

मी प्रॉमिस केलं आणि फोन ठेवला, आणि मला आपली पंगत आठवली. तुम्ही भिंतीला पाठ लावून पाटावर बसलेले, आम्ही चौघं भावंडं समोर. तुमचं जेवण आधी संपायचं, पण तुम्ही उठायचे नाहीत. शेवटच्या मुलाचं पान स्वच्छ होईपर्यंत तुमची नजर पानापानावरून फिरायची. कारल्याची भाजी घशाखाली उतरवताना मला तुमचे डोळे मानेवर जाणवायचे. ते प्रेम होतं हे मला कळतं. तेव्हाही कळत होतं. पण नाना, आपल्या घरात कुणी कधी एकटं जेवलं आहे का? कुणाला कधी न बघता जेवू दिलं आहे का आपण? मी तर इथे येऊन तुमचा पाट सोडून खुर्चीशेजारी उभी राहिले, एवढीच प्रगती.

दुपारी दोघांनी मिळून कपाट उचललं आणि उंच ड्रॉवरच्या कपाटावर चढवलं. म्हणजे मी उचललं, ह्यांनी सूचना दिल्या. तो आता खिडकीशी, आमच्या डोक्यावर आहे. रातकिडे सोडले. ह्यांची खुर्ची मी फिरवून बागेकडे केली. ताट वाढलं, शेजारच्या स्टुलावर ठेवलं, आणि म्हटलं, "मी आत आहे. त्याच्याकडे बघू नका. मीही बघणार नाही." कुणाकडे, ते मी सांगितलं नाही. दार लोटून घेतलं.

आता मी स्वयंपाकघरात बसले आहे, वीस पावलांवर. दाराला फट आहे. तिथे डोळा लावला तर स्टूल दिसतं, हे मला ठाऊक आहे, आणि माझे पाय तिकडे वळतात. म्हणून कागद घेतला. नाना, तुम्हाला रागवायचं होतं हे खरं, त्यातलं बरंचसं वर लिहिलं आहे आणि ते मागे घेत नाही. पण पत्र एवढं लांबवलं ते खुर्चीवरून उठू नये म्हणून. ते टाकायला पेटीही नाही, तुमचा पत्ताही नाही. संपलं की हा कागद रद्दीत जाईल.

आत्ताच तिकडून हाक आली. "अगं, लोणचं आहे का घरात?"

मी इथूनच ओरडले, "नाही! डॉक्टरांनी बंद केलंय!"

आहे. तांदळाच्या डब्यामागे लपवून ठेवलं आहे. एक छोटी फोड नेऊन ठेवते, ताटात काय उरलं आहे ते न बघता.