नगरला प्रेक्षक नाही म्हणे

सावेडी, नगर
सोमवार, २४ नोव्हेंबर २०२५

प्रिय शौनक,

शुक्रवार, १४ नोव्हेंबर, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. या वेळेला तुझ्या आईच्या मोबाईलवर तुमच्या संस्थेचा निरोप आला की ‘मुक्कामाला आलेली बाई’चा तेवीस तारखेचा नगरचा प्रयोग अपरिहार्य कारणाने रद्द झाला असून नाटकही थांबवण्यात येत आहे. खाली हात जोडल्याचं चित्र. तारीख-वेळ एवढ्यासाठी लिहिली की आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी तक्रार लिहायला तसंच शिकवलंय. आधी घटना, रडगाणं मागाहून. टेलिफोन खात्यात तक्रारींच्या टेबलावर माझी सगळी नोकरी गेली. जन्मभर दुसऱ्यांच्या ऐकल्या, आता माझी तू ऐकायचीस. फोन मुद्दामच करत नाही. फोनवर तू “मावशी, तालमीत आहे गं, नंतर बोलू” म्हणतोस. आता तर ती सबबही राहिली नाही.

निरोप आला तो आला. नाटकं बंद पडतात, एवढं मलाही कळतं. पण सोळा तारखेच्या रविवारी पेपरात तुझी मुलाखत वाचली आणि हातातला चहा तसाच गार झाला. “पुण्या-मुंबईने नाटक डोक्यावर घेतलं, पण बाहेर प्रेक्षकच उरलेला नाही. नगरला तर थिएटर रिकामं होतं. तेव्हाच आम्ही थांबायचं ठरवलं.” होतं? न झालेल्या प्रयोगाचं थिएटर रिकामं कसं रे होतं? तू काय खुर्च्या मोजायला आला होतास? तुमची तिकिटविक्री बघणाऱ्या त्या रविराजने मुंबईत बसून मोबाईलवर आमच्या नाट्यगृहाचा नकाशा उघडला, सगळ्या खुर्च्या हिरव्या, म्हणजे रिकाम्या, दिसल्या, आणि तुम्ही दोघांनी मिळून आख्खं गाव अडाणी ठरवलंत. चाळीस वर्षांनी पुन्हा उभं राहिलेलं, ज्याच्या त्याच्या तोंडी असलेलं नाटक तुम्ही पंचवीस प्रयोगांत गुंडाळलंत आणि खापर आमच्या डोक्यावर फोडलंत.

आता खरं काय ते सांगते. त्या खुर्च्या विकल्या गेल्या होत्या. बाल्कनीच्या मागच्या दोन रांगा सोडल्या तर सगळ्या. इथे कोणी मोबाईलवर तिकीट काढत नाही बाबा. एकतर खिडकीवर जातात, नाहीतर ओळखीचं माणूस दारात आलं की त्याच्याकडून घेतात. हे तुझ्या आईने रविराजला सांगितलं, म्हणून त्यानेच छापील तिकिटांची पुस्तकं तिच्याकडे पाठवली. ती दारोदार कोण हिंडलं असेल, ओळख पाहू. तुझी आई. तुझे बाबा गेल्यापासून जी डॉक्टरकडे जाण्यापलीकडे फाटकाबाहेर पडत नव्हती ती इंदू. मी भाजीला चल म्हटलं तर गुडघे दुखायचे. पुस्तकं आली त्या दिवशी कपाटातून इरकल काढली आणि म्हणाली, “शरयू, भिंगारला रिक्षा किती घेते गं हल्ली?”

भिंगारला मोनिका आहे, ब्लाऊज शिवते. तिच्या दुकानात इंदू तासभर बसली आणि तिथे आलेल्या प्रत्येक बाईला तिकीट दिल्याशिवाय सोडलं नाही. पारनेरला माझ्या नोकरीतल्या मैत्रिणी आहेत, त्यांच्याकडे एसटीने गेलो. तिसगावला बाजाराच्या दिवशी गेलो. तिथे बी-बियाण्यांच्या दुकानात श्रीमंत नावाचे गृहस्थ बसले होते, मिशा अशा. त्यांनी विचारलं, “गानी हायेत का बाई?” इंदू म्हणाली, नाहीत. “नाच?” नाही. “मंग हाय काय त्यात?” मी मनात म्हटलं, चला, झालं. तर तुझ्या आईने पिशवी माझ्या हातात दिली, खताच्या पोत्यांपुढे उभी राहिली आणि दुसऱ्या अंकातलं ते बोलणं सुरू केलं. ती बाई घरच्यांना सांगते ना, की मी जाणार नाही, माझं अंथरूण उचलायला तुमच्यातलं कोण पुढे येतंय ते मला बघू द्या, ते. बाहेर वांग्यांचा लिलाव चालला होता. दुकानात माणूस हलला नाही. शेवटी श्रीमंत म्हणाले, “ही बाई गेली का मंग घरातनं, का ऱ्हायली?” इंदू म्हणाली, “तेवीस तारखेला या, कळेल.” त्यांनी घरच्या सगळ्यांची तिकिटं घेतली, वर बहिणीलाही सांगतो म्हणाले.

तू हे नाटक शोधून काढलंस असं मुलाखतीत म्हणाला आहेस. शोधून? ती बाई नगरच्या रंगमंचावर पहिल्यांदा कोणी उभी केली, सांगितलंस का कुठे? तुझ्या आईने, चाळीस वर्षांपूर्वी. स्पर्धेचे दोन प्रयोग झाले, पुढे तुझी चाहूल लागली, बाबांची बदली झाली आणि इंदूचं नाटक स्वयंपाकघरात आलं. वाटाणे सोलताना ती तुला ते संवाद म्हणून दाखवायची. तू आजोबांचं उपरणं घेऊन घरचा मालक व्हायचास आणि तिला हाकलायचास, आणि ती हलायची नाही. तुला हसू फुटायचं. तेच नाटक तू मोठं केलंस, याचा तिला किती अभिमान, ते तिसगावच्या बाजारातल्या माणसांना माहीत आहे. तुला नाही.

निरोप आल्यावर काय झालं तेही ऐक. दुसऱ्या दिवशी इंदू पुन्हा तीच इरकल नेसली आणि घेतलेले पैसे परत करायला निघाली. मीही बरोबर गेले. भिंगारची मोनिका पैसे घेईना. म्हणाली, “काकू, मी नाटकासाठी म्हणून नवीन साडीवर ब्लाऊज शिवलाय. आता तो घालून काय दळण आणू?” तिसगावला श्रीमंतांनी तर पैशांचं पाकीट उलट आमच्याच पिशवीत टाकलं. “ठिवा बाई. नाटकवाल्यास्नी म्हनावं, सवडीनं या. आमी कुटं जात न्हाई. पन त्या बाईचं पुढं काय झालं, ते आदी सांगा.” इंदूने नाही सांगितलं. म्हणाली, ते खुर्चीत बसूनच बघायचं. पारनेरहून माझ्या एका मैत्रिणीने मात्र तुझ्या मुलाखतीचं कात्रण पाठवलं आणि खाली लिहिलं, ‘आम्ही उरलेलो नाही, हे आम्हाला आजच कळलं.’ तिकीट तिनेही परत केलेलं नाही. कोणीच केलेलं नाही, शौनक. काल तेवीस तारीख होती. तिकिटं लोकांच्या देवघरात, फ्रीजवर, पाकिटात तशीच आहेत.

एवढ्यावर मी तुला नुसतं चार शब्द सुनावून गप्प बसले असते. पण काल सकाळी तुझा नेहमीचा रविवारचा फोन आला तेव्हा आई आंघोळीला गेलीय असं मी तुला सांगितलं ना, ते खोटं होतं. ती माझ्यासमोर बसली होती आणि हाताने नको नको म्हणत होती. फोन ठेवल्यावर तिने मला जे सांगितलं ते मलाही आधी माहीत नव्हतं. विकलेल्या तिकिटांचे नंबर रोज कळवा, म्हणजे मोबाईलवरच्या त्या खुर्च्या लाल करता येतील, असं रविराजने तिला बजावलं होतं. तिने एकही नंबर कळवला नाही. मुद्दाम. पडदा उघडेल तेव्हा तुला एकदम भरलेलं थिएटर दिसावं, आधी सुगावा लागू नये, एवढंच तिच्या मनात होतं. आता ती म्हणते, “शरयू, शौनकचं नाटक मी बंद पाडलं गं.” येत्या रविवारी तुझा फोन आला की ती तुझी माफी मागणार आहे. वाक्यं ठरवून ठेवली आहेत तिने, मला दोनदा म्हणून दाखवली. पुस्तकं कुठे गेली हे विचारायला तुला किंवा त्या रविराजला एक फोन करता आला नाही, आणि माफी मागणार ती! मी जिवंत असताना हे होऊ देणार नाही. म्हणून हे पत्र. शनिवार, २९ नोव्हेंबर, संध्याकाळी सहाच्या आत मला तुझं उत्तर लेखी हवं आहे, तुझ्या सहीचं. त्यात दोनच गोष्टी हव्यात. नगरच्या प्रयोगाची तिकिटं खपली होती, हे तू त्याच पेपरात कोणत्या तारखेला छापून आणणार आहेस, आणि प्रयोग कोणत्या तारखेला करणार आहेस. रविवारी सकाळी आईने तोंड उघडायच्या आधी तो कागद मी तिच्या हातात ठेवणार आहे. सहा म्हणजे सहा. सबबी, चित्रं आणि जोडलेले हात चालणार नाहीत.

तुझीच, पण शनिवारपर्यंत तुझ्याशी अबोला धरलेली,
शरयूमावशी