हाय आणि चौदा उद्गारचिन्हं

१२ नोव्हेंबर, संध्याकाळ

आज पालीला जाऊन आलो. जायला नको होतं.

'आडवा पाट' बँड बंद झाल्यापासून त्याचे गायक दत्ताभाऊ पालीतच असतात, कुणाला भेटत नाहीत. गिटार, पत्र्याचे डबे आणि विहिरीवरची मोटर यांवर केलेल्या त्यांच्या दोन कॅसेटी पुण्याची पोरं अजून शोधत फिरतात, आणि शब्द विचारतात मला. सगळी गाणी मीच ऐकून ऐकून वहीत उतरवलीत, टिपांसकट. माझी शाळा नववीपर्यंतच, पण शुद्धलेखनाची एक चूक सापडायची नाही. हा माझा ताठा.

वहीचं नाव काढलं म्हणून भाऊंनी आत घेतलं. एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं. ते गातात, 'दार उघडं हाय, कोन हाय'. मी लिहिलेलं, 'दार उघडं. हाय! कोण? हाय!' खाली टीप: हाय म्हणजे फारसी शोकोद्गार. ओळ सात वेळा येते. म्हणजे चौदा उद्गारचिन्हं.

"गाव कोन्तं तुमचं?"

"गेवराई."

"मंग आई 'भाकर हाय' म्हन्ली की रडत बसता का?"

ते हसले. मीही हसलो, उगाच.

चौदा! मला ऐकू आलं नव्हतं, की ऐकायचंच नव्हतं? आपली घरची बोली एवढ्या मोठ्या गाण्यात असेल, हे मनातसुद्धा आलं नाही.

निघताना त्यांनी मायेनं विचारलं, "आई हाय ना अजून?"

"आहे," मी म्हणालो.

तिच्यासमोर मी 'आहे' कधीच म्हणत नाही.