मोगऱ्याची खरड छाटणी

नाशिक
२९ मे २०२५

अंजलीच्या आईस,

नमस्कार लिहावा की आशीर्वाद, ते कळेना, कारण तुला पत्र लिहायची वेळ आजवर आली नव्हती. योग्य ते समजून घे. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हा उद्योग. तुझा चष्मा इथेच फडताळात राहिलाय, तेव्हा पत्र आपली नात चैताली वाचून दाखवेल आणि जावईबापू शेजारी बसून ऐकतील. त्या बेताने लिहितो. माझी तब्येत बरी आहे. भाकरी शेजारच्या मंगलाबाई देतात. भाजी मी करतो आणि ती मलाच खावी लागते, हे बरंच आहे.

आता बागेचं. तुझा मोगरा फुटलाय. एवढं आधी ऐक, मग बाकीचं.

दिंडोरीचा मळा लेकाच्या, हर्षलच्या हाती देऊन आपण इथे आलो, तेव्हा पुढचं अंगण तुझं असं ठरलं होतं. मी मात्र तिथे लोखंडी अँगल आणि तारा ठोकून तुझ्या फुलझाडांचीच द्राक्षबाग केली. आता अँगल भंगारवाल्याला दिले, तारा काढल्या. तारेला बांधलेली जास्वंद सोडली. ती वाटेल तशी वाढतेय आणि मी तिकडे बघत नाही. फवारणी बंद आहे. मंगलाबाईंच्या पांढऱ्या चादरीवर उडालेले बोर्डो औषधाचे निळे डाग अजून गेलेले नाहीत. ती चादर त्या रोज माझ्या डोळ्यांसमोरच वाळत घालतात.

तू रांगोळीने वाट आखली होतीस, फाटकापासून वळत वळत नळापर्यंत. ती मी दोरी लावून सरळ केली होती. सगळी उकरली. विटा तिरप्या रोवून पुन्हा तुझ्यासारखी करतोय. दोरी न लावता काम करणं जिवावर येतं, पण जमतंय. नळापाशी बुटका कट्टा बांधलाय, तिथे बसून तुला फुलं ओवता येतील. मोरीचं पाणी अळूकडे वळवलं. कढीपत्ता मागच्या दाराशी लावला, फोडणी टाकता टाकता हात पोचेल असा. एकच अडलंय. वाट तुळशीच्या डावीकडून जात होती की उजवीकडून? रांगोळी कधीच पुसली गेली. तेवढा तुकडा तसाच ठेवलाय.

चैताली, बाबांना जरा बाहेर पाठव.

त्या दिवशी तू बाहेर आलीस तेव्हा मोगऱ्याच्या वेलीचे नुसते खुंट उरले होते आणि फरशीवर कळ्यांचा खच पडला होता. "ही काय द्राक्षाची बाग हे का?" एवढंच बोललीस, पिशवी भरलीस आणि अंजलीकडे जायला येवल्याची एसटी धरलीस. एप्रिल म्हणजे खरड छाटणी, सगळी वेल मागे कापायची, हे जन्मभर माझ्या हातात बसलेलं. मोगऱ्याचा बहर त्याच महिन्यात असतो, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही.

त्या सकाळी कात्रीला धार लावून मी हर्षलच्या फोनची वाट बघत होतो. शेवटी मीच लावला. म्हणाला, "दादा, आता आराम करा ना तुम्ही. टोळी लावली हे, निम्मी बाग कालच झाली." त्याचं चुकलं नाही, मळा आता त्याचा आहे. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला छाटणीला कुणी बोलावलं नाही, आणि मला फार वाईट वाटलं. तू आत माझा डबा भरत होतीस. मी शेतावर जाणार असं समजून. नको भरूस, हे सांगायचं टाळून मी अंगणात आलो. धार लावलेली कात्री हातात होती आणि दारात एकच वेल होती.

नर्सरीवाला म्हणाला, "काका, मोगरा नव्या फुटीवर लय फुलतो. पाणी द्या अन् हात लावू नका." मी हात लावलेला नाही. काल पहिली फुलं उमलली. मला गजरा करता येत नाही, म्हणून वाटीत पाण्यात ठेवली. संध्याकाळी पिवळी पडली. वेलीवर अजून पुष्कळ कळ्या आहेत.

राहिलं चष्म्याचं. कुरिअरने तो केव्हाच पोचला असता. मी रोज पुसतो आणि परत ठेवतो. तिकडे नवा करून घेऊ नकोस. निदान चष्म्यासाठी तरी तू येशील, म्हणून तो ठेवून घेतलाय. तू नसलीस की घरात मला करमत नाही.

चैताली, बाबांना आत बोलाव. खालचं मोठ्याने वाचलंस तरी चालेल.

तुझाच,
खंडेराव