भिंत नसलेलं स्वयंपाकघर

बाबा,

अकोल्याच्या घरात तुम्ही स्वयंपाकघराला भिंत घालू दिली नाही, त्याचा राग तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी माझ्या मनातून जात नाही. तुम्ही ओव्हरसियर. दुसऱ्यांच्या भिंती ओळंब्यात आहेत की नाहीत हे बघण्यात जन्म गेला. आणि स्वतःचं घर बांधायची वेळ आली तेव्हा अमेरिकेच्या त्या गुळगुळीत मासिकातला एक फोटो तुमच्या डोक्यात बसला. सपाट छत, पश्चिमेला जमिनीपासून काच, आणि बैठकीतून सरळ दिसणारा स्वयंपाकाचा ओटा. "तिकडं बाई मांगच्या खोलीत कोंडून नसते. सारे एकाच जागी बसतात," असं तुम्ही मायला समजावत होतात. आपण बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन चार-पाच वर्षं झाली होती. गावात लोक आपल्याला मागच्या दारानं घेत, तेही अंगणापर्यंतच. म्हणून तुमच्या घराला मागचं दारच नव्हतं. हे मला तेव्हाही समजत होतं, म्हणून तर जास्त चीड येते.

पश्चिमेला काच, आणि तीही अकोल्यात! उन्हाळाभर आपण तिच्यावर वाळ्याचे तट्टे टांगून पाणी मारत बसायचो. शेजारी हसायचे. ते मी केव्हाच माफ केलं.

माफ होत नाहीत ते रविवार. तुम्ही हापिसातल्या लोकांना घर बघायला बोलवायचात. ते काचेवर टिचकी मारून बघत, तुमचं तोंडभर कौतुक करत. समोरच माय स्टोव्हला पंप मारत असे. चहा पुढे आला की एक जण म्हणे, "नाही नाही, आत्ताच घेऊन निघालो." मग दुसरा, मग तिसरा. ते जाईपर्यंत कपांवर साय धरलेली असे. मधे भिंत असती तर तुम्ही आत येऊन तिला काहीतरी थाप मारली असती. इथे तिला सगळं दिसायचं, आणि त्यांनाही ती दिसायची, मान खाली घालून साखर ढवळताना. एकदा ते गेल्यावर ती म्हणाली, "मले एक भिंत बांधून द्या. नाई तं पडदा तरी लावा."

"पडदा लावला तं घराची रयाच जाईन," तुम्ही म्हणालात. तिची रया दर रविवारी जात होती, तिचं काय?

मी तेव्हा अमरावतीला कॉलेजात होते. तिथल्या वाचनालयात एका वर्तमानपत्रात अमेरिकेतल्या बसस्टँडचा फोटो पाहिला. अगदी तुमच्या आवडीचा, काच, लोखंड, कुठे नक्षी नाही. आत बसायच्या दोन खोल्या, गोऱ्यांची वेगळी, काळ्यांची वेगळी. पाण्याचे नळसुद्धा वेगळे. सुट्टीत घरी आल्यावर मी मायदेखत तुम्हाला ते सांगितलं. मासिकातून डोकं वर न काढता तुम्ही म्हणालात, "इमारतीचं पाह्य. मानसाईचं काहून पाह्यतं?" माय उठली आणि चार पावलं सरकून भांडी घासायला बसली. जायला दुसरी खोली होतीच कुठे.

पुढे मी वास्तुकलेचा इतिहास शिकवला. तुमच्या मासिकातल्यासारखी घरं ज्या वस्त्यांत होती, त्यांतल्या कितीतरी ठिकाणी काळ्या माणसाला घर विकतच नसत. बाबा, आपल्यासारख्याला तिथे कोणी फाटकाशी उभं केलं नसतं. आणि तुम्ही तिथून समता आणायला निघालात, सिमेंट आणावं तशी.

तुम्ही गेलात त्याच वर्षी मी गवंडी बोलावला. माय म्हणाली, "आता काहून? आता कोन येऊन राह्यलं?" खरंच कोणी येत नव्हतं. भिंत मी तरीही बांधलीच.

हे कागद मी फाडून टाकीन. फक्त एवढं लिहू द्या: गवंड्यानं पहिली वीट ठेवली तेव्हा तुम्ही अडवायला नव्हतात, याचा मला आनंद झाला होता.