एक गोळी, एक डबा

मंगळवार, सकाळ

प्रिय आर्डिस,

तुझं पत्र काल दुपारी मिळालं. आठ महिन्यांनी तुझं अक्षर पाहिलं आणि आधी तर मी तिथेच टपालपेटीपाशी उभी राहून रडले. मग वाचलं, आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. हवापाण्याची चौकशी नाही, शिव्या नाहीत, तुझ्या नॉर्बर्टला दफनभूमीत पोचवलं त्या दिवशी मी जे बोलले त्यावर एखादा टोमणासुद्धा नाही. नुसतं एवढंच, की रस्त्याने हल्ली तेलविहिरींवरची परकी माणसं ये-जा करतात, तेव्हा एकट्या बाईने पहिलं पिस्तूल घ्यायचं तर स्वस्त आणि दगा न देणारं कोणतं, ते कळव. खाली सही. मी तीनदा फोन केला, तू उचलला नाहीस. म्हणून लिहितेय. मांडीवर वही धरून लिहितेय, त्यामुळे अक्षर म्हणजे नुसते कोंबडीचे पाय झालेत. तांबडी पेन्सिल घेऊन चुका काढत बसू नकोस, मास्तरीणबाई. काढल्याशिवाय तुला राहवायचं नाही, ते माहीत आहे मला.

आता तू विचारलंस तर सांगते. एकतीस वर्षं आमच्या खिळे-बंदुकांच्या दुकानात काउंटरमागे उभी राहिले ती काही उगाच नाही. बाईमाणूस दुकानात आलं की पुरुष विक्रेते तिच्या हातात हमखास एक इटुकलं, हलकं, गोंडस पिस्तूल ठेवतात. पर्समध्ये मावतं म्हणे! अगं, हलकं म्हणजे हाताला जास्त झटका. एकदा उडवलं की ती बाई त्याला पुन्हा हात लावत नाही, आणि ते ड्रॉवरमध्ये गंजत पडतं. शिवाय त्याची वरची पट्टी मागे ओढायला मनगटात जोर लागतो. तुझी बोटं थंडीत बरणीचं झाकण उघडत नाहीत, ती पट्टी काय ओढणार? आणि अगदीच स्वस्तातलं नवं घ्यावं तर दहाव्या गोळीला अडकून बसतं. मी नवख्या माणसाला नेहमी पोलिसांनी वापरून काढलेलं सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर दाखवायचे. वर्षानुवर्षं चामड्याच्या पाकिटात घासून त्याचा रंग उडालेला असतो, म्हणून लोक नाक मुरडतात आणि किंमत खाली येते. आतून मात्र कोरं करकरीत. पोलिसांनी ते कमरेला वागवलेलं असतं, उडवलेलं कितीसं असणार? जड असतं, पण जड आहे म्हणूनच हातात शांत राहतं. आणि आत अडकायला काही नाही. बाबा म्हणायचे, चांगलं जुनं रिव्हॉल्व्हर आणि चांगली जुनी सायकल, दोन्हींना फक्त तेल लागतं.

पण हे सगळं नंतरचं. आधी मी गिऱ्हाइकाला ते हातात धरायला लावायचे. उघडून, रिकामं आहे ते दाखवून द्यायचे, आणि त्यानेही घेतल्यावर पुन्हा उघडून बघायचं. माझ्या डोळ्यांदेखत बघितलं तरी पुन्हा बघायचं, हा आमच्याकडचा नियम. बोट चापापर्यंत पोचतंय का, मनगट थरथरतंय का, ते मी बघायचे. मग सांगायचे, बाई, जेवढ्याला पिस्तूल घेशील तेवढेच पैसे काडतुसांना आणि कुलपाच्या पेटीला बाजूला काढ, आणि रविवारी दुपारी खडीच्या खाणीत ये, मी शिकवते. त्यावर नवखी माणसं शंभर प्रश्न विचारतात. आवाज किती होतो, नातवंडं घरी आली तर कुठे ठेवू, नवऱ्याला सांगू की नको. एकदा एका बाईने विचारलं होतं, हे जांभळ्या रंगात मिळतं का! मी वैतागायचे. आता वाटतं, ते शंभर प्रश्न म्हणजेच सगळं ठीक असल्याची खूण होती.

खाणीचं नाव काढलं आणि तू डोळ्यांपुढे आलीस. सतरा वर्षांची, भावाचा ढगळ शर्ट घातलेली, नाक वर. बाबांचं रिव्हॉल्व्हर घेऊन मी तुला तिथे नेलं होतं, आठवतंय? तू आधी मला बंदुकांवर पाऊण तास भाषण दिलंस. मग कॉफीचा रिकामा डबा पंचवीस पावलांवर ठेवला, तू एक डोळा मिटलास, तोही चुकीचा, आणि पहिल्याच गोळीला डबा उडाला! तू ते रिव्हॉल्व्हर उघडून माझ्या गाडीच्या नाकाडावर ठेवलंस, हात झटकलेस आणि म्हणालीस, "झालं. एक गोळी, एक डबा. आता यापुढे मारून कशाला नाव घालवू?" खडी भरायला आलेला एक लांबलचक, लाल कानांचा पोरगा ट्रकवर बसून बघत होता. तो ओरडला, "ही पोरगी पुन्हा मारेल यावर मी एक केक लावतो, रूबार्बचा!" तू पुन्हा मारली नाहीस. पैज हरला आणि तुझा नवरा झाला, तोच नॉर्बर्ट. एक्कावन्न वर्षं तू गावभर मिरवत आलीस, की नेमबाजीत अख्ख्या डाकोटात तुझ्यासारखी कोणी नाही, शंभराला शंभर. आणि तो दर वेळी मान डोलावून म्हणायचा, "खरंय, मी साक्षीदार आहे." तो डबा मी काउंटरवर ठेवला होता, पेन्सिली ठेवायला. भोकातून छोट्या पेन्सिली बाहेर पडायच्या, तरी मी तो कधी बदलला नाही.

आणि तूच त्या दुकानाला आयुष्यभर नावं ठेवलीस. 'खिळे आणि गोळ्यांचं देऊळ' म्हणायचीस. आत यायचीस ती फक्त बरण्यांची झाकणं घ्यायला, आणि बंदुकांच्या बाजूला पाठ करून उभी राहायचीस. तुझ्या घरात बंदूक म्हणजे नॉर्बर्टची बदकांच्या शिकारीची, तीही तू त्याच्या पुतण्याला देऊन टाकलीस. आणि आता तू, तू आर्डिस, मला विचारतेस पिस्तूल कुठलं घेऊ!

फक्त एक दिवस तू तिथे राहिली होतीस. मर्लच्या वेळी. आज मला त्याच्याबद्दल लिहावंच लागणार, राग मानू नकोस. मर्ल हाउगेन, शाळेची बस चालवणारा, तुझ्या वर्गातल्या सगळ्या पोरांना नावाने ओळखणारा. मार्चचा महिना, दुपार, दुकानात कोणी नाही. तो आला आणि म्हणाला, "लव्हॉन, स्वस्त आणि दगा न देणारं काय आहे?" मी काढून दिलं. त्याने हातात घेतलं, पण उघडून बघितलं नाही. आवाजाचं विचारलं नाही, कुलपाचं विचारलं नाही, रविवारी खाणीत ये म्हटलं तर नुसता हसला. आणि मी मूर्ख, मी मनात म्हटलं, वा, काय समजूतदार गिऱ्हाईक, डोकं खात नाही! वर त्याला थोडी सूटसुद्धा दिली. मी त्याला सूट दिली, आर्डिस. गुरुवारी शेरीफ त्याच्या खरेदीचा कागद मागायला आला तेव्हा कळलं, मर्ल गेला, आपल्याच हाताने. मी कागद काढून दिला, मागच्या खोलीत गेले आणि ओकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तू शाळेला दांडी मारून आलीस. आयुष्यातली तुझी एकमेव दांडी. हातात सफरचंदाच्या कुखन केकचं ताट. खिळ्यांच्या पिंपावर बसलीस आणि संध्याकाळी सहापर्यंत एक अक्षर बोलली नाहीस. गिऱ्हाईक आलं की तू केकचा तुकडा कापून द्यायचीस आणि ते खात खात निघून जायचं. शटर ओढायच्या वेळी मी तुला सांगितलं, त्याने नेमके कोणते शब्द वापरले ते. शेरीफलासुद्धा मी ते सांगितले नव्हते, बाबांनाही नाही. तू ऐकलंस आणि म्हणालीस, "मागच्या खोलीत एक मोठं लोखंडी कपाट घे. लोकांना सांग, दिवस वाईट आले की आपली हत्यारं इथे आणून ठेवा, कोणी काही विचारणार नाही. बरे दिवस आले की घेऊन जा." बंदुकांचा तिटकारा करणाऱ्या बाईला ते सुचलं, मला नाही सुचलं. एकोणीस वर्षं ते कपाट चाललं. गारपिटीत पीक गेलेली माणसं आली, बायको सोडून गेलेले आले, लढाईवरून परतलेली पोरं आली. "लव्हॉन, ही जरा ठेव गं," एवढंच म्हणायचे. मी प्रत्येक बंदुकीला नावाची चिठ्ठी बांधायचे. कितीतरी जण वर्षभराने परत आले, जाडे होऊन, कोणी नव्या बायकोला घेऊन, आणि हत्यार घेऊन चिठ्ठी मला देऊन गेले. त्यातल्या एकानेही विचारलं नाही की हे कपाट कोणाच्या डोक्यातून निघालं, आणि तू मला सांगू दिलं नाहीस.

नॉर्बर्टच्या अंत्यविधीच्या दिवशी मी चुकले. चर्चच्या तळघरात, सगळ्यांसमोर, बटाट्याच्या सॅलडपाशी उभी राहून मी म्हणाले, घर विक आणि माझ्याकडे गावात ये, इथे आता कोणाची वाट बघणार? असं कोणी म्हणतं का? अजून त्याचा कोट खुंटीवर होता. तू कॉफीची किटली खाली ठेवलीस आणि म्हणालीस, "तुला विकायची सवय लागलीय, लव्हॉन. माझं आयुष्य तेवढं विकू नकोस." खरं बोललीस. मला त्याच संध्याकाळी यायला हवं होतं, पण माझा अहंकार आडवा आला. आठ महिने! लाज वाटते मला. मी तुला एकटीला ठेवलं, आणि तू मात्र माझ्या त्या एका दिवसात दहा तास पिंपावर बसली होतीस.

आता ऐक. काल तुझं पत्र आल्यावर मी चौकशी केली. तुझा कुत्रा शेजारच्या हॉफमनांकडे आहे, कायमचा दिलास म्हणे. पियानो चर्चला दिलास. परक्या माणसांची भीती वाटणारी बाई आधी कुत्रा देऊन टाकते का गं? आणि पिस्तूलच हवं असतं तर तुझ्यापासून वीस मैलांवर भलंमोठं दुकान आहे, तिथल्या पोराने काही न विचारता दिलं असतं. तू मला विचारलंस. आणि विचारताना शब्द कोणते वापरलेस? स्वस्त आणि दगा न देणारं. ते तुझे शब्द नाहीत, आर्डिस. ते मर्लचे आहेत, आणि जगात ते फक्त आपल्या दोघींना माहीत आहेत. चाळीस वर्षं पोरांना शब्द शिकवणारी बाई असे शब्द चुकून लिहीत नाही. मी ते वाचलं, मला कळलं. तू मला हाक मारलीस.

म्हणून सरळ विचारते, कारण मर्लला विचारलं नाही. तू जीव द्यायचा विचार करतेयस का? हो असेल तर हो म्हण. मी ओरडणार नाही, देवाचं नाव घेऊन उपदेश करणार नाही, घर विक म्हणणार नाही. नुसती पिंपावर बसेन, आणि तुझी तयारी झाली की आपण दोघी डॉक्टरकडे जाऊ, गाडी मी चालवेन. नाही असेल तर मला मूर्ख म्हण आणि कॉफी दे.

हे पत्र मी टपालात टाकणार नाहीये. पहाटेच निघाले, आणि तासाभरापासून तुझ्या झाडांच्या रांगेआड गाडी लावून बसलेय. तू मघाशी बाहेर आलीस, दोरीवर नॉर्बर्टचे शर्ट वाळत घातलेस. आठ महिन्यांनी पुन्हा धुतलेले. तुला चालताना बघितलं तेव्हा कुठे लिहायला हात चालला. समोरासमोर आपण तोंड उघडलं की भांडतो, म्हणून आधी लिहिलं. आता हे दाराच्या फटीतून सरकवते आणि पायरीवर बसते. तू वाचेपर्यंत तिथून हलत नाही, चुका काढून होईपर्यंतही नाही. गाडीत बंदूक नाही, जन्मात पहिल्यांदा घरी ठेवून आलेय. शेजारच्या सीटवर फक्त तो डबा आहे, भोकाचा. पिस्तूल कुठलं घ्यायचं म्हणालीस ना? कुठलंच नको. आयुष्यात एक गोळी उडवलीस आणि एक डबा पाडलास, शंभराला शंभर. तो विक्रम आहे तसाच राहू दे गं, त्याचा आता मी एकटीच साक्षीदार उरलेय. दार उघड.

तुझीच, पायरीवर बसलेली,
लव्हॉन