भट्टीत गेलेली उशी

तीर्थस्वरूप मामी,

साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, प्रयोगशाळेची फरशी फार निसरडी आहे). तुझे गुडघे कसे आहेत? जिना उतरताना दर पायरीला अजून आम्हा सगळ्यांचा उद्धार करतेस ना? मी मजेत आहे. फक्त मान धरली आहे, त्याचं कारण पुढे येईलच.

मी नेमकं करतो काय, असं तू मागे विचारलं होतंस. मामी, मी वस्तू जाळतो. म्हणजे हवा न लागू देता भट्टीत भाजून त्यांचा कोळसा करतो. मिठात जे सोडियम असतं, त्याच्यावर चालणारी स्वस्त बॅटरी आम्ही करतोय. चार्जिंगच्या वेळी सोडियम बॅटरीच्या ज्या टोकात जाऊन बसतं, तो अॅनोड, आणि तो आमच्या कोळशाचा. सोडियम आत जातं आनंदाने, पण त्यातलं बरंचसं बाहेरच येत नाही (मी परीक्षेपुरता तुमच्याकडे आलो आणि नोकरी लागेपर्यंत राहिलो, तसंच). ते बाहेर यावं असा कोळसा शोधणं हे माझं काम. आतापर्यंत शेंगांची टरफलं, संत्र्याची सालं, भुसा आणि एकदा चुकून विभागप्रमुखांची टोपी भाजून झाली (सुती होती, निकाल बेताचाच).

गेल्या महिन्यात कापूस संपला. भट्टीची पाळी महत्प्रयासाने मिळालेली, ती रिकामी घालवणं जिवावर आलं, म्हणून मी डुलकीसाठी तिथे ठेवलेली माझी उशी उसवली आणि सगळीच्या सगळी भाजली. तीच, मामांनी कित्येक वर्षं वापरलेली आणि निघताना तू माझ्या बॅगेत कोंबलेली. मामी, त्या कोळशाने कमाल केली! जवळजवळ सगळं सोडियम परत. आमच्या मॅडम माझ्याकडे पाहून एरवी फक्त उसासा टाकतात, त्या चक्क हसल्या. मग म्हणाल्या, "आता हेच पुन्हा करून दाखव. पुढच्या महिनाअखेरपर्यंत जमलं नाही, तर हे काम बंद."

नवा कापूस आणला, फसला. जुन्या गादीतला आणला, तोही फसला. मिठाचं पाणी शिंपडलं, डोक्याचं तेल चोळलं, आठवडाभर स्वतः त्यावर झोपलो (मान तेव्हाच धरली). तसूभरही फरक नाही. माझं डोकं या कामाचं नाही, असं मॅडमचं मत पडलं. त्यांच्या म्हणण्याचं वाईट वाटलं नाही, पण मला हे काम मनापासून आवडतं गं. ते सुटलं तर काय करायचं, मला खरंच सुचत नाही.

असो. काळजी करू नकोस. मामांना नमस्कार सांग.

तुझा भाचा

ता. क. मामांची हल्लीची उशी लगेच पार्सलने पाठव. अभ्रा धुऊ नकोस. त्यांना विचारूही नकोस. दुपारचे घोरायला लागले की अलगद काढून घे, आणि डोक्याखाली माझा जुना स्वेटर सरकव.

आणखी एक. वेगळ्या पार्सलने चार नव्या उशा पाठवल्या आहेत. मामांनी आळीपाळीने, नेहमीसारखं भरपूर तेल लावून त्यांवर झोपावं. पहिली उशी मामांची होती हे सांगितल्यावर, हा माल कायम मिळत राहील ना, असं मॅडमनी विचारलं, आणि मी हो म्हणून बसलोय. तेव्हा मामांच्या तब्येतीला जप, आणि डोकं धुवा म्हणून त्यांच्यामागे लकडा लावू नकोस.